डेटाबेसमधलं एक्सएमएल वेबपानावर झाडाच्या रूपात कसं दाखवावं

गोव्यात १२ तालुके आणि १९१ ग्रामपंचायती. पंचायतीच्या पोटात गावं, गावाच्या पोटात वाडे. ही उतरंड डेटाबेसमध्ये ठेवायची, एक्सएमएलच्या (म्हणजे टॅगांनी एकात एक बांधलेल्या मजकुराच्या) रूपात बाहेर काढायची आणि पानावर अशी मांडायची की सत्तरीवर क्लिक केलं की सत्तरीतल्या पंचायती उघडल्या पाहिजेत. पणजी-मडगावच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि कॉलेजच्या प्रोजेक्टांत हे काम हटकून वाट्याला येतं. बहुतेक जण ब्राउझरच्या टोकाकडून सुरुवात करतात, झाड दाखवणारी तयार लायब्ररी शोधत बसतात. खरं तर ब्राउझरमधलं काम यात सर्वांत सोपं. झाड बिघडतं ते त्याच्या बरंच आधी: आयडी चुकीचा निवडलेला असतो, क्रम कुणी सांगितलेला नसतो, नाहीतर अक्षरांचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) वाटेत कुठेतरी बदललेलं असतं. म्हणून हा लेख डेटाबेसपासून सुरू होतो आणि तिथेच जास्त रेंगाळतो.

आधी टेबल

पाच कॉलम पुरतात: आयडी, पालक, नाव, प्रकार, क्रम. ‘पालक’मध्ये वरच्या नोडचा (झाडातल्या वरच्या नोंदीचा) आयडी असतो आणि सर्वांत वरच्या नोडचा पालक रिकामा म्हणजे नल ठेवायचा. पालक कॉलमवर त्याच टेबलाकडे जाणारी फॉरिन की (दिलेला आयडी खरोखर आहे ना हे तपासणारा नियम) लावा आणि पालक व आयडी एकच असू नये अशी अटही घाला.

नावालाच आयडी करण्याचा मोह गोव्यात तरी टाळावाच लागतो. केरी नावाचं गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. नावावरून मुलं (खालचे नोड) शोधणारी क्वेरी तिन्ही केरींचे वाडे एकत्र आणून ठेवील आणि पानावर ते दिसेपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही. गावाचा पिनकोड वगैरे बाहेरून आलेले आकडेही आयडी म्हणून नकोत. त्यांच्यासाठी वेगळा कॉलम ठेवा.

वरपासून खालपर्यंतचा अख्खा मार्ग, म्हणजे ‘गोवा/उत्तर गोवा/फोंडा/बेतकी-खांडोळा’ असा, प्रत्येक ओळीत लिहून ठेवला तर वाचन जलद होतं हे खरं. पण २०१५च्या जानेवारीत फोंडा तालुका उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. पालक कॉलम असलेल्या टेबलात याची दुरुस्ती एका ओळीत एक आकडा बदलून होते. मार्ग लिहून ठेवला असेल तर फोंड्याखालची एकूण एक ओळ बदलावी लागते. सांगे आणि फोंड्यातून गावं काढून धारबांदोडा तालुका झाला, तिथेही हेच. सरकारी सीमा हलत राहतात, तेव्हा इथे पालक कॉलमच बरा. आणखी एक: ‘बेतकी-खांडोळा’ हे एकाच पंचायतीचं नाव आहे. आयात करताना आडव्या रेघेवर नाव तोडणारी स्क्रिप्ट लिहू नका.

इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) पालक आणि क्रम या दोन कॉलमांवर मिळून एकच करा. झाडाची जवळजवळ प्रत्येक क्वेरी ‘या पालकाची मुलं, क्रमाने’ एवढंच विचारते.

क्रमाचा कॉलम कशाला, नावावर सॉर्ट का करू नये, असं वाटेल. डेटाबेस नुसत्या युनिकोड क्रमाने लावत असेल तर ळ हा ल-च्या लगेच पुढे येतो आणि वाळपई वास्कोच्या आधी लागते. मराठी वर्णमालेत ळ ह-नंतर, म्हणजे वास्को आधी हवं. क्ष आणि ज्ञ यांचंही तसंच: युनिकोडच्या दृष्टीने ते क आणि ज यांच्यापासून सुरू होणारी जोडाक्षरं, म्हणून मधेच येतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (भाषेनुसार क्रम लावण्याचे नियम) वापरून सॉर्ट करता येतं. दोनशे-तीनशे नोड असतील तर क्रमाचे आकडे एकदा भरून टाकणं सर्वांत निर्धास्त. आकडे १०, २०, ३० असे अंतर ठेवून द्या, मधे नवा नोड घालणं सोपं जातं.

जुना मजकूर आत घेताना

जुन्या फायली बऱ्याचदा श्रीलिपी किंवा शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. त्यांत दिसायला देवनागरी असते, साठवलेली मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांत < आणि & ही चिन्हंही एखाद्या काना-मात्रेचं सोंग घेऊन बसलेली असू शकतात. असा मजकूर तसाच एक्सएमएलमध्ये चिकटवला तर पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) तिथेच अडतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मगच बाकी सगळं.

युनिकोडमध्ये आल्यावरही ‘दऱ्या’मधला ऱ तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: एकसंध ऱ, र खाली नुक्ता, आणि र-हलन्तापुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य अक्षर. डोळ्यांना तिन्ही सारखे, डेटाबेसला तीन वेगळे शब्द. एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणलं की पहिल्या दोघांतला फरक मिटतो, झेडडब्ल्यूजेचा मिटत नाही. तो शोधून बदलावा लागतो. हे आयात करतानाच उरका, नाहीतर शोधपेटी ‘सापडलं नाही’ म्हणत राहते आणि नाव तर समोर दिसत असतं.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये मराठी मजकूर एनव्हारकॅर या युनिकोड प्रकाराच्या कॉलमात ठेवा आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराआधी एन लावायला विसरू नका. तो राहिला की बहुतेक ठिकाणी देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते आणि मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

एक्सएमएल तयार करणं

इथे दोन प्रकार पडतात. डेटा टेबलांत असतो आणि एक्सएमएल घडवायचं असतं, किंवा अख्खं एक्सएमएलच एका कॉलमात पडलेलं असतं.

पहिला प्रकार घेऊ. एका फांदीचं उत्तर असं हवं:

<फांदी पालक="5">
  <नोड आयडी="51" प्रकार="पंचायत" मुले="1">केरी</नोड>
  <नोड आयडी="52" प्रकार="पंचायत" मुले="1">पिसुर्ले</नोड>
  <नोड आयडी="53" प्रकार="पंचायत" मुले="0">होंडा</नोड>
</फांदी>

देवनागरी टॅग एक्सएमएलला चालतात. पण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘पंचायत’ असा टॅग ठेवला तर उघडताना आणि मिटताना मिळून नुसत्या नावाचेच ३६ बाइट होतात, तेही प्रत्येक नोडला. म्हणून टॅग आखूड आणि एकाच नावाचा ठेवून प्रकार ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्मात, दिला आहे. याचा दुसरा फायदा मोठा: ब्राउझरमधल्या कोडला तालुका, पंचायत, वाडा असे वेगळे टॅग ओळखावे लागत नाहीत.

नमुन्यातले आकडे मुद्दाम 51, 52 असे आहेत. डेटामध्ये ‘५१’ लिहिलंत तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही आणि डेटाबेसमध्येही पूर्णांकात रूपांतर फसतं. देवनागरी अंक फक्त पडद्यावर दाखवताना करा. जावास्क्रिप्टच्या अंक दाखवणाऱ्या फंक्शनला मराठी लोकेल दिलं की ते काम आपोआप होतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे ‘फॉर एक्सएमएल पाथ’ने होतं. पाथला नोडचं नाव द्यायचं, रूटला बाहेरच्या टॅगचं. ज्या कॉलमाच्या टोपणनावाआधी @ लावाल तो ॲट्रिब्यूट होतो. नुसता मजकूर हवा असलेल्या नावाला टेक्स्ट फंक्शनचं टोपणनाव द्यायचं. सगळे ॲट्रिब्यूट सिलेक्टच्या यादीत आधी आले पाहिजेत, मधे एखादा साधा कॉलम घुसला की क्वेरी चालतच नाही. कॉलम नल असेल तर तो ॲट्रिब्यूट उत्तरात येतच नाही, रिकामाही नाही. ब्राउझरच्या कोडमध्ये हे गृहीत धरा.

यात सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली: आतल्या क्वेरीने मुलांचं एक्सएमएल बनवून ते बाहेरच्या क्वेरीत बसवताना आतल्या क्वेरीच्या शेवटी ‘टाइप’ हा शब्द राहून जातो. मग आतलं एक्सएमएल साधा मजकूर समजून गुंडाळलं जातं, त्यातल्या प्रत्येक < चिन्हाच्या जागी त्याचं सांकेतिक रूप येतं आणि पानावर झाडाऐवजी टॅगच टॅग दिसतात.

दुसरी: डॉट नेटमधून एकच किंमत वाचणाऱ्या एक्झिक्यूटस्केलर पद्धतीने उत्तर घेतलं की ते २०३३ अक्षरांवर तुटतं. टाइपशिवाय आलेलं उत्तर तुकड्यातुकड्यांनी अनेक ओळींत येतं आणि ही पद्धत पहिलीच ओळ उचलते. लहान तालुक्यावर चाचणी केली तर सगळं ठीक, मोठी यादी आली की एक्सएमएल मधेच संपल्याची तक्रार. एक्सएमएल रीडर देणारी पद्धत वापरा.

पोस्टग्रेसमध्ये एक्सएमएल-एलिमेंट, एक्सएमएल-ॲट्रिब्यूट्स आणि एक्सएमएल-ॲग ही तीन फंक्शनं पुरतात. एक्सएमएल-ॲगच्या कंसाच्या आतच ऑर्डर बाय लिहा. बाहेर लिहिलेला ऑर्डर बाय एकत्र केलेल्या मुलांना लागू होत नाही. मायएसक्यूएलमध्ये एक्सएमएलचा वेगळा प्रकारच नाही. तिथून साध्या ओळी काढून एक्सएमएल सर्व्हरच्या कोडमध्ये बांधा, आणि तेही स्ट्रिंगा जोडून नको. एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी & आणि < यांची काळजी स्वतः घेते.

‘मुले’ या ॲट्रिब्यूटसाठी मोजणी करू नका. एक तरी मूल आहे का, एवढंच एक्झिस्ट्सने विचारा. उघडण्याचा बाण दाखवायचा की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं.

अख्खं झाड एकदम हवं असेल तर

छपाईसाठी किंवा निर्यातीसाठी कधीतरी पूर्ण झाड लागतं. तेव्हा रिकर्सिव्ह, म्हणजे पातळीमागून पातळी स्वतःच उतरत जाणारी, क्वेरी लिहायची. पोस्टग्रेसमध्ये ती ८.४ पासून, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे. पण तिच्यातून येतात सपाट ओळी, एकात एक बसवलेलं एक्सएमएल नव्हे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन लिहून ते घडवता येतं आणि ३२ पातळ्यांची मर्यादा आपल्या उतरंडीला आड येत नाही. तरी वाचायला आणि दुरुस्त करायला सोपा मार्ग वेगळा आहे. सपाट ओळी सर्व्हरवर आणा. पहिल्या फेरीत प्रत्येक ओळीचा नोड बनवून आयडीप्रमाणे डिक्शनरीत ठेवा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक नोड त्याच्या पालकाला जोडा. ओळी पालक-आधी-मूल अशा क्रमाने येतील यावर विसंबू नका, दोन फेऱ्या त्यासाठीच आहेत. ज्याचा पालक सापडला नाही त्याची नोंद लॉगमध्ये करा. गुपचूप सोडून दिलात तर एखादा वाडा गायब झाल्याचं कळायला सहा महिने लागतात.

डेटामध्ये चक्र असेल, म्हणजे क-चा पालक ख आणि ख-चा पालक क, तर एसक्यूएल सर्व्हर १००व्या पातळीला थांबून चूक दाखवतो. ती मर्यादा शून्य करून चूक ‘घालवणारे’ सल्ले मिळतात. ते ऐकू नका, चक्र शोधा. पोस्टग्रेस अशी मर्यादा घालत नाही, क्वेरी चालतच राहते. तिथे आवृत्ती १४ पासून सायकल हे कलम आहे, त्याआधीच्या आवृत्तीत भेट दिलेल्या आयडींचा ॲरे सोबत न्यावा लागतो.

एक्सएमएल कॉलमातच असेल तर

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सएमएल प्रकाराच्या कॉलमावर नोड्स ही पद्धत तुकडे करून देते आणि व्हॅल्यू ही पद्धत त्यातली एकेक किंमत. व्हॅल्यूला नेमकी एकच किंमत लागते, म्हणून मार्गापुढे चौकटी कंसात 1 लिहावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून एक्सएमएल-टेबल आहे आणि ते वाचायला जास्त सुटसुटीत.

मार्ग बरोबर, टॅगचं स्पेलिंग बरोबर, तरीही उत्तर रिकामं, असं झालं की आधी दस्तऐवजाच्या पहिल्या टॅगमध्ये नेमस्पेस (टॅगांची नावं कोणत्या गटातली हे सांगणारी खूण) आहे का ते पाहा. नेमस्पेस असेल तर साध्या नावाने काहीच सापडत नाही, ती क्वेरीत जाहीर करून तिच्या उपसर्गासह नाव लिहावं लागतं. चूक कुठेच दाखवली जात नाही, म्हणून माणसं तासन्‌तास स्पेलिंग तपासत बसतात. लहान-मोठ्या रोमन अक्षरांतला फरकही इथे मोजला जातो.

फाइलमधलं एक्सएमएल एन लावलेल्या मजकुरातून एसक्यूएल सर्व्हरमध्ये भरताना ‘एन्कोडिंग बदलता येत नाही’ अशी चूक येते. मजकूर यूटीएफ-१६ असतो आणि फाइलच्या पहिल्या ओळीतली घोषणा यूटीएफ-८ म्हणते. ती घोषणेची ओळ काढून टाका, बाकी काही करू नका.

बाहेरच्यांनी अपलोड केलेलं एक्सएमएल सर्व्हरवर वाचायचं असेल तर पार्सरमध्ये डीटीडी (एक्सएमएलच्या रचनेची व्याख्या) आणि बाह्य एंटिटी (बाहेरच्या फाइलचा मजकूर आत ओढणारे संदर्भ) बंद करा. नाहीतर त्या फाइलमधून तुमच्या सर्व्हरवरच्या इतर फायली वाचता येतात.

सर्व्हर आणि ब्राउझर

सर्व्हरवर एकच पत्ता पुरतो: पालकाचा आयडी घ्यायचा, त्याच्या मुलांची फांदी परत द्यायची. आयडी क्वेरीत पॅरामीटर म्हणून जावा, मजकुरात जोडून नव्हे. उत्तराच्या हेडरमध्ये कंटेंट टाइप एक्सएमएल आणि कॅरसेट यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. घोषणेच्या ओळीआधी एकही रिकामी जागा किंवा ओळ जाता कामा नये. पीएचपीमध्ये जोडलेल्या एखाद्या फाइलच्या शेवटी राहिलेली रिकामी ओळ नेमकी हेच करते.

फांदी-फांदीने का? सांगे-काणकोणच्या डोंगराळ भागात मोबाइलवर पान उघडणाऱ्याला आपल्या गावाची एक फांदी हवी असते, १९१ पंचायतींचे सगळे वाडे नव्हे.

ब्राउझरमध्ये उत्तर मजकूर म्हणून घ्या आणि डॉमपार्सरला एक्सएमएल प्रकार सांगून द्या. एक्सएमएल मोडकं असेल तरी डॉमपार्सर चूक फेकत नाही. तो पार्सरएरर नावाचा टॅग असलेला दस्तऐवज परत देतो. तो टॅग आहे का हे आधी तपासा. मुलं वाचताना चिल्ड्रन वापरा, चाइल्डनोड्स नको. त्यात ओळींमधल्या मोकळ्या जागाही नोड म्हणून मोजल्या जातात आणि झाडात रिकाम्या बुंदक्या दिसतात. नाव पानावर टाकताना टेक्स्टकंटेंट वापरा. इनरएचटीएमएल वापरलंत तर कुणी नावाच्या जागी स्क्रिप्ट भरली तर ती चालू शकेल.

एक्सएमएलचं एचटीएमएल करण्यासाठी ब्राउझरमधलं एक्सएसएलटी ही जुनी वाट आहे. नव्या कामात ती नको: क्रोमने ते काढून टाकण्याचं २०२५मध्ये जाहीर केलं आहे. एक्सएसएलटी आवडत असेल तर ते सर्व्हरवर चालवा.

मांडणी साध्या एकात एक याद्यांची करा. ज्याच्या पोटात मुलं आहेत त्याला बटण द्या आणि ते उघडं की मिटलेलं हे एरिया-एक्स्पांडेड या स्क्रीन रीडरसाठीच्या ॲट्रिब्यूटने सांगा. एरियाचा ट्री हा रोल भारदस्त दिसतो, पण तो लावला की वर-खाली-डाव्या-उजव्या बाणांच्या कळा, होम आणि एंड हे सगळं स्वतः लिहावं लागतं. अर्धवट लिहिलेला ट्री स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला साध्या यादीपेक्षा जास्त अडवतो. पानाची भाषा मराठी म्हणून घोषित करा, म्हणजे उच्चारही धड होतील.

बटण दोनदा पटकन दाबलं की मुलं दोनदा येतात. पहिल्या क्लिकलाच नोडवर ‘आणतोय’ अशी खूण करा, आल्यावर ‘आणलं’, आणि विनंती फसली तर खूण पुसून ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाखवा. शेवटची पायरी राहिली तर रेंज गेलेल्या क्षणी दाबलेली फांदी पान पुन्हा लोड करेपर्यंत बंदच राहते. नवे नोड एकेक करून पानात न घालता डॉक्युमेंट फ्रॅगमेंटमध्ये जमवून एकदम घाला.

शोधपेटी देणार असाल तर उत्तरात नावासोबत पूर्वज दाखवा: ‘केरी, सत्तरी’, ‘केरी, पेडणे’, ‘केरी, फोंडा’. त्यासाठी रिकर्सिव्ह क्वेरी उलट्या दिशेने, मुलाकडून पालकाकडे चालवायची. तीच पूर्वजांची यादी वापरून झाड त्या नोडपर्यंत वरून खाली उघडत न्या, प्रत्येक पातळी आल्यावरच पुढची मागवत.

जुन्या एएसपी डॉट नेटच्या पानांवर

बऱ्याच कार्यालयांत अजून झाड दाखवणारा ट्रीव्ह्यू आणि त्याला डेटा पुरवणारा एक्सएमएल डेटा सोर्स ही जोडी चालू आहे. तिथे दोन गोष्टी. सर्वांत वरचा रूट टॅग झाडात नको असेल तर डेटा सोर्सच्या एक्सपाथमध्ये त्याच्या खालचा मार्ग द्या. आणि डेटाबेसमध्ये बदल करूनही पान जुनंच झाड दाखवत असेल तर क्वेरीच्या मागे लागण्याआधी एनेबलकॅशिंग पाहा. ते मुळातच चालू असतं आणि त्याची मुदतही अमर्याद असते.

नव्या पानावर कॅशिंग आपण ठरवून करायचं. तालुक्यांची यादी क्वचित बदलते, तिला ईटॅग (मजकुराच्या आवृत्तीची खूण) द्या. म्हणजे बदल नसेल तेव्हा सर्व्हर फक्त ३०४ म्हणतो आणि फांदीचा मजकूर पुन्हा पाठवत नाही. ईटॅग बनवण्यासाठी टेबलात बदलाची वेळ नोंदवणारा एक कॉलम वाढवा. मात्र त्या फांदीतल्या मुलांची फक्त सर्वांत अलीकडची वेळ घेऊन भागत नाही, कारण एखादी ओळ पुसली किंवा दुसऱ्या पालकाकडे गेली तर उरलेल्यांची वेळ तीच राहते. वेळ आणि मुलांची संख्या दोन्ही मिळून ईटॅग करा. मुलं नाहीशी होऊन पिसुर्लेचा बाण बंद व्हायचा असेल तर तो सत्तरीच्या फांदीतला बदल आहे, तेव्हा मूल घालताना-काढताना पालकाच्या ओळीतली वेळही पुढे सरकवा.